अंगठ्याखालचं नाव

"पुढचं!" ताई म्हणाली, आणि मी अंगठा खाली सरकवला.

"के फोर, मग चौकटी कंसात एफ-ई, सी-एन सहादा."

"पोटॅशियम हेक्सासायनिडोफेरेट टू. पुढचं!"

"बरोबर. एन-आय, सी-ओ चारदा."

"टेट्राकार्बोनिलनिकेल झीरो. हे काय बालवाडीतलं विचारालीस? पुढचं! रुजू, झोपा काढू नको."

झोप? माझा अंगठा घामानं चिकट झाला होता. कारण पुढचं म्हणजे ते होतं. मी नेहमीसारखा अंगठा त्या ओळीवर गच्च दाबला, पुस्तक छातीशी धरलं आणि तिसऱ्याच ओळीवर उडी मारली.

"सी-ओ, एन-एच-थ्री सहादा, बाहेर सी-एल थ्री."

ताई क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हेक्साअमीनकोबाल्ट थ्री क्लोराइड," आणि वेणीचं टोक चावायला लागली. पलीकडं आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, "कुकर झाला का गं?"

गॅसवर कुकर नव्हताच. गॅससुद्धा पेटलेला नव्हता. आमच्या जयसिंगपूरच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, भांडीसुद्धा घासून पालथी पडलेली होती.

"शेजारच्यांचा असेल," मी पटकन म्हणाले.

"हां, त्यांचाच," आई म्हणाली.

ताईनं विझलेल्या गॅसकडं एकदा बघितलं.

तेव्हा मी नववीत होते आणि ताई बारावीत. प्रणोती मगदूम, आख्ख्या गल्लीची होणारी डॉक्टरीण. तिचं पाठांतर घेणं हे माझं रोजचं संध्याकाळचं काम. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पुस्तक हातात धरून मोठ्या बहिणीला "चूक!" म्हणायचा अधिकार कुणाला नको असतो? शिवाय ती नावं मला आवडायची. त्यांची रीत ताईनंच मला समजावली होती. मधे एक धातू बसलेला असतो. त्याच्या भोवती त्याला धरून पाहुणे. नाव सांगताना आधी पाहुण्यांची नावं घ्यायची, तीही एबीसीडीच्या क्रमानं, कुणाचा मान मोठा असलं काही नाही. धातूचं नाव शेवटी, आणि त्याच्यावर भार किती तो आकडा. "म्हणजे आपल्यासारखंच," मी म्हणाले होते, "आडनाव शेवटी." आणि "हा अमीन कोण?" असंही विचारलं होतं. "अमोनिया गं. असल्या बैठकीत बसला की त्याला अमीन म्हणायचं." मला हे फार पटलं होतं. मीसुद्धा घरात रुजू, शाळेत ऋजुता आणि त्या महिन्यात दर बुधवारी मिरजेच्या दवाखान्यात 'पेशंटबरोबर कोण आहे'मधली कोण.

तर, ते. आईला कॅन्सर झाला होता, गर्भाशयाच्या तोंडाचा. मी आता हा शब्द बिनधास्त लिहिते, परवा तर वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले. पण तेव्हा आमच्या घरात तो कुणी उच्चारत नव्हतं. अण्णा 'ते' म्हणायचे. आई तेवढंही म्हणायची नाही. संक्रांतीच्या आधी निदान झालं आणि त्याच दुपारी अण्णांनी मला मागच्या दारी बोलावलं.

"ताईला यातलं अक्षर कळता कामा नये," ते म्हणाले. "परीक्षा होईस्तोवर."

"आणि मला कळलेलं चालतंय?"

"तुझी कुठं बारावी आहे?"

आईनं माझा हात घेऊन स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझी शपथ आहे, रुजू. पोरीचं वर्ष जाईल." तिचा गळा गरम होता. मी मान हलवली.

खोटं बोलायची सगळी व्यवस्था चोख होती. आईची पाठ दुखते, म्हणून रोज सकाळी मिरजेला शेक घ्यायला जाते, हे एक. शेक खराच होता, रेडिएशनचा, मशीनखाली झोपवून द्यायचे तो. फक्त पाठीचा नव्हता. अण्णांनी सूतगिरणीत दुपारच्या पाळ्या मागून घेतल्या होत्या, म्हणजे सकाळी ते तिला मोटारसायकलवरून नेऊन आणायचे. बुधवारी मात्र सलाईन असायचं, दिवसभराचं. त्या दिवशी अण्णा तिला सोडून कामावर जायचे आणि शाळा सुटली की मी एसटीनं मिरजेला जाऊन संध्याकाळी तिला घरी घेऊन यायची. आणि ताईला काय सांगायचं? तर आई शेक घेऊन मावशीकडं गेली आणि रुजू कबड्डीच्या सरावाला गेली.

कबड्डी! मी, जी शाळेच्या मैदानावर सावलीत उभी राहून इतरांच्या चपला सांभाळते ती.

"एवढं कबड्डी खेळतेस," ताई एकदा म्हणाली, "पण गुडघा कसा गं एकदाही फुटला नाही?"

"मी... मी चढाई करत नाही. मागं असते."

"मागं कोण असतंय कबड्डीत?"

पुढच्या बुधवारी मिरजेच्या स्टॅण्डवर उतरल्या उतरल्या मी एका झाडाखालची माती दोन्ही गुडघ्यांना चोळली. दवाखान्यातल्या सिस्टरनी विचारलं, "पडलीस का गं?" आई सलाईन लावलेला हात तोंडावर धरून हसली. त्या महिन्यात आई मोकळी हसलेली मला तेवढीच आठवते.

त्या खोलीत ओळीनं खाटा होत्या आणि एक नियम होता. सलाईन लावायच्या आधी सिस्टर प्रत्येकीला विचारायच्या, "नाव सांगा. पूर्ण नाव." हातात कागद असायचा, नाव त्यांना माहीत असायचं, तरीही विचारायच्या. चुकून एकीचं दुसरीला जाऊ नये म्हणून. आई नाव इतकं हळू सांगायची की सिस्टरना वाकावं लागायचं. "मोठ्यानं, मावशी." आई पुन्हा तेवढंच हळू सांगायची. जणू काही आपण इथं आलोय हे आपल्याच नावाला कळू नये. मीही खाटेच्या मागं उभी राहायची, कुणी ओळखीचं दिसेल म्हणून खाली मान घालून.

मग सिस्टर बाटली उलटी टांगायच्या. बाटलीवर जाड काळ्या मार्करनं इंग्रजीत लिहिलेलं असायचं: सिसप्लॅटिन. बाकी तिथं बघायला काही नव्हतं, म्हणून मी ती अक्षरंच बघत बसायची. आईसुद्धा. आई सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचणारी, पण तासन्‌तास तीच अक्षरं समोर लटकत असल्यावर कुणाला पाठ होणार नाहीत?

आणि एका संध्याकाळी, ताईनं 'पुढचं' म्हटल्यावर, तीच अक्षरं मला तिच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात दिसली.

पी-टी, एन-एच-थ्री दोनदा, सी-एल दोनदा. शेजारी लांबलचक नाव. खाली बारीक अक्षरांत: हेच ते सिसप्लॅटिन, आणि ते कशावर वापरतात तो शब्द. छापील. ताईच्या पुस्तकात!

मला वाटलं, संपलं. ताईनं हे एकदा वाचलं, की एखाद्या दिवशी आईच्या पिशवीत एखादं खोकं, एखादा कागद दिसणार, ती दोन्ही जुळवणार आणि तिचं वर्ष जाणार, आईची शपथ मोडणार आणि शपथ मोडल्यावर आईचं काय होणार ते मला मनातसुद्धा आणवेना. म्हणून मी अंगठा ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज.

याच्यात काय गाढवपणा होता ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं.

फेब्रुवारी आला. ताईचा पहिला पेपर गुरुवारी होता. आदल्या दिवशी, बुधवारी, आईचं शेवटचं सलाईन. आधीच्या बुधवारी सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शेवटचं राहिलंय, बाळ. बरेच जण इथंच कंटाळतात. बुधवार चुकवायचा नाही हं." मी एवढ्यांदा 'हो' म्हणाले की त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मंगळवारी दुपारी शाळेतून आले तर आई मागच्या दारी धुणं वाळत घालत होती. दोरीवर चिमटा लावायला गेली तर तो तिच्या बोटांतून तीनदा खाली पडला. त्या औषधानं बोटांना मुंग्या यायच्या तिच्या, धरलेलं कळायचं नाही; कानात नसलेल्या कुकरच्या शिट्ट्याही त्यानंच. मी चिमटा उचलून दिला.

"रुजू, उद्या यायचं नाही मिरजेला," ती म्हणाली.

"का? अण्णा येणार आहेत का दुपारी?"

"मीच जाणार नाही."

"म्हणजे?"

"अण्णांना सांगते, डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलंय. तूही तेच सांग."

"पण सिस्टर म्हणाल्या..."

"सिस्टरची पोरगी आहे होय बारावीला?" आई हळू आवाजात, पण चिडून म्हणाली. "सलाईन घेतलं की दोन रात्री ओकते मी. परवा पोरीचा पेपर. ती आतल्या खोलीत अभ्यास करणार आणि मी इकडं बादली घेऊन बसणार? तिला कळायचं राहतंय का? एवढे दिवस पित्त झालंय म्हणून झाकलं आणि शेवटच्या दिवशी घालवू?"

"एका बुधवारनं काय होतंय ते तुला काय माहीत?"

"आणि तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं, त्याचीच तर भीती होती. मी म्हणाले, "मी अण्णांना सांगणार."

आईनं ओला टॉवेल दोरीवर टाकला आणि माझा हात धरून पुन्हा गळ्यावर ठेवला. "माझी शपथ. अण्णांना नाही, ताईला नाही. कुणाला एक शब्द सांगायचा नाही."

झालं. त्या दुपारी मी गणिताची वही उघडून बसले आणि एकही गणित सोडवलं नाही. अण्णा कामावर गेलेले, रात्री अकराशिवाय येणार नव्हते. आले तरी तोंडाला कुलूप. एकदा वाटलं, सिस्टरना फोन करावा. नंबर कुठं होता? एकदा वाटलं, आजारी पडावं, म्हणजे कुणीतरी मला दवाखान्यात नेईल. आई घरात फिरत होती, औषधासाठी डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मोठ्या तांब्यानं घटाघटा पाणी पीत होती आणि मला वाटत होतं तिच्या आत काहीतरी आहे, ते उद्याची वाट बघतंय, आणि उद्या कुणी आलंच नाही तर ते खूश होणार. मी नववीत होते. मला असंच वाटायचं.

जेवणं झाली. दिवस मावळला. आई तांदळाचं ताट घेऊन भिंतीला टेकली, ताई पाटावर मांडी घालून बसली आणि पुस्तक माझ्या अंगावर टाकलं.

"घे. कॉम्प्लेक्सची नावं घे."

"परवा इंग्रजीचा पेपर आहे ना?"

"इंग्रजीचं झालंय. हे एकदा फिरवते. घे म्हटलं ना."

मी पुस्तक उघडलं. ते आता त्याच पानावर आपोआप उघडायचं.

"के फोर, एफ-ई, सी-एन सहादा."

"पोटॅशियम हेक्सासायनिडोफेरेट टू. पुढचं."

"एन-आय, सी-ओ चारदा."

"टेट्राकार्बोनिलनिकेल झीरो. पुढचं."

माझा अंगठा ठरल्या जागी होता. मी आईकडं बघितलं. ती ताटातला खडा चिमटीत धरायचा प्रयत्न करत होती, तो निसटत होता, पुन्हा धरत होती. आणि माझ्या मनात आलं, एक शब्द सांगायचा नाही अशी शपथ आहे. मी कुठं सांगणार आहे? मी तर फक्त विचारणार आहे. पुस्तकातलं.

मी अंगठा उचलला. बोट असं काही जड झालं होतं म्हणून सांगू!

"पी-टी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "एन-एच-थ्री दोनदा. सी-एल दोनदा."

ताईची वेणी तोंडातून खाली पडली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आईकडं बघितलं.

"सिस-डायअमीनडायक्लोरिडोप्लॅटिनम टू," ती म्हणाली. एका दमात, कुठंही न अडखळता. मग मला विचारलं, "बरोबर?"

"ब... बरोबर."

"आता खालचं वाच. बारीक अक्षरांतलं."

मला वाचता येईना.

"मग मी सांगते. पाठ आहे मला. यालाच सिसप्लॅटिन म्हणतात. कॅन्सरवर वापरतात."

तांदळाचं ताट आईच्या मांडीवरून कलंडलं. थोडे तांदूळ फरशीवर पसरले. कुणी उचलायला गेलं नाही.

"रुजू!" आई म्हणाली. "तू सांगितलंस?"

"मी नाही! गळ्याशप्पथ! मी एक शब्द नाही..."

"हिनंच सांगितलं," ताई म्हणाली.

"खोटारडी! कधी सांगितलं?"

ताईनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि पान दिव्याकडं धरलं. त्या ओळीवर एक डाग होता, काळपट-पिवळा, लांबट गोल, हळदीचा, घामाचा आणि पेन्सिलीच्या शिशाचा. आख्ख्या पानावर तेवढाच एक. माझ्या अंगठ्याच्या मापाचा.

"पुस्तक कुणाचं आहे गं, गधडे?" ताई म्हणाली. "दिवसभर कुणाकडं असतंय? तू संध्याकाळी अर्धा तास झाकायचीस. वर्गात सरांनी शिकवलं तेव्हा मी या ओळीकडं बघितलंही नव्हतं. पण तू रोज नेमकं हेच गाळायला लागलीस, म्हणून म्हटलं बघू तरी हिला याच्याशी काय वाकडं आहे. आणि मग आईचं पाणी पिणं, आईचा कुकर, तुझी कबड्डी..."

मी माझ्या अंगठ्याकडं बघितलं. तो डाग आजही त्या पानावर आहे. पुस्तक आता माझ्याकडं आलंय, मीच बारावीत आहे. आई परवा म्हणाली, खोडून टाक की तो. मी म्हणाले, खोडला तर पान फाटेल.

तेव्हा मात्र आई त्या डागाकडं वाकली. मग तिनं विचारलं, "कधीपासनं माहिती आहे तुला?"

"संक्रांतीचे तिळगूळ संपायच्या आधीपासनं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघी एवढ्या मन लावून खोटं बोलत होता," ताई म्हणाली, आणि हसायला गेली, पण तिचा आवाज मधेच तुटला. "मला वाटलं, मला माहीत नाही असं वाटतंय तोवर तू नीट जाशील, नीट उपचार घेशील. मला कळलंय म्हटल्यावर तू माझी काळजी करत बसशील. माझ्या पेपरपायी एखादा दिवस चुकवशील."

"ती चुकवणारच आहे!" मी ओरडले. शपथ गेली खड्ड्यात. "उद्या शेवटचं सलाईन आहे आणि ती जाणार नाही म्हणते! तुझ्या पेपरपायी! तुझ्यासमोर ओकायला नको म्हणून!"

मी तोंडावर हात ठेवला, पण सगळं बाहेर पडून गेलं होतं. आई मरते की काय म्हणून मी तिच्याकडं बघितलं. आई मेली नाही. ती माझ्याकडं अशी बघत होती, जशी मी तिची खूप दिवसांपूर्वी उसनी नेलेली कळशी परत आणून ठेवलीय.

ताई उठली. मला वाटलं ती ओरडणार. ती आईसमोर जाऊन तांदळांतच बसली. "आई, उद्या मी पण येणार. पुस्तक घेऊन येते. तिथं बसून वाचीन."

"तिथं वाचणं होतंय होय? ती काय जागा आहे?"

"इथं होतंय होय? रोज तू गाडीवर बसून गेलीस की मी एकच पान उघडून बसते. दुपारपर्यंत तेच पान. मला वाटतं, तिथं नक्की काय करत असतील तुला. तिथं बसले तर निदान दिसेल तरी."

आई रडली नाही. तिनं ताईच्या गुडघ्याला चिकटलेले तांदूळ एकेक करून झाडले. मग नाक ओढून म्हणाली, "म्हणजे काय गं ते, एवढं लांब? मला नुसतं वरचं वाचता येतंय. सी, आय, एस..."

ताईनं इकडं तिकडं बघितलं. आईची मसाल्याच्या डब्यातली रिकामी वाटी उचलून फरशीवर मधे ठेवली. "हे प्लॅटिनम." दोन शेंगदाणे घेतले. "हे दोन अमीन." कोपऱ्यातल्या डब्यातून दोन चिंचोके आणले. "हे दोन क्लोरीन. आता नाव घेताना शेंगदाणे आधी, मग चिंचोके, मग वाटी. आणि सिस म्हणजे दोन्ही चिंचोके एका अंगाला. शेजारी शेजारी. असे." तिनं एक चिंचोका उचलून वाटीच्या पलीकडं, दुसऱ्याच्या बरोबर समोर ठेवला. "असे ठेवले तर सामान तेच, वजन तेच. पण मग औषध म्हणून कामाचं नाही."

"एवढ्यानं?"

"एवढ्यानं."

आई वाटीकडं बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला आणि पलीकडचा चिंचोका उचलायला गेली. तो निसटला. पुन्हा निसटला. आम्ही दोघींनी हात पुढं केले नाहीत, का कोण जाणे. तिसऱ्यांदा तिनं तो पकडला आणि पहिल्याच्या शेजारी आणून ठेवला.

"असाच राहू दे," ती म्हणाली.

रात्री अण्णा आले तेव्हा आम्ही तिघी एका ओळीत झोपलो होतो आणि फरशीवर वाटी तशीच होती. त्यांचा पाय लागून शेंगदाणे उडाले. अण्णांनी ते खाल्ले, असं ताई अजून सांगते.

बुधवारी मी शाळा बुडवली. कबड्डीसाठी नव्हे. अण्णांना आईनं उठल्याउठल्याच सगळं सांगितलं, ते तिला घेऊन पुढं गेले, आम्ही दोघी मागून एसटीनं. ताईच्या मांडीवर इंग्रजीचं पुस्तक उघडं होतं आणि अंकलीच्या पुलावर ते उलटं धरलेलं आहे हे मी तिला सांगितलं.

खोली तीच, खाटा त्याच. मी सवयीनं खाटेच्या मागं जायला लागले, तर ताईनं दंड धरून मला पुढं ओढलं. आम्ही आईच्या पायथ्याशी एकाच स्टुलावर, अर्ध्या अर्ध्या, बसलो. सिस्टर बाटली घेऊन आल्या. आज घाईत होत्या.

"नाव सांगा, मावशी. पूर्ण नाव."

"वैजयंता बाहुबली मगदूम," आई म्हणाली. सिस्टर सवयीनं वाकल्या होत्या, त्या दचकून सरळ झाल्या. पलीकडच्या खाटेवरच्या आजींनी मान वळवून बघितलं.

सिस्टरनी कागदावर खूण केली, बाटलीकडं बघितलं आणि वाचलं, "सिसप्लॅटिन."

"तसं नाही," आई म्हणाली.

"काय झालं, मावशी?"

"मला पूर्ण नाव विचारता, मग त्याचं का नाही?" आई आमच्याकडं वळली. "सांग गं."

ताईनं तोंड उघडलं. पण मला काय झालं कुणास ठाऊक, मी स्टुलावरून उठूनच उभी राहिले. वर्गात 'हजर' म्हणताना जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही ती मी. आख्खी खोली माझ्याकडं बघत होती.

"सिस-डायअमीनडायक्लोरिडोप्लॅटिनम टू!"

कुणीतरी हसलं. आजी म्हणाल्या, "अगं बाई, एवढं मोठं?" सिस्टर बाटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "एवढं लिहायला बाटली पुरायची नाही गं," त्या म्हणाल्या.

आईनं उशीला पाठ टेकली आणि सलाईनचा हात आपणहून पुढं केला.

"हां," ती म्हणाली. "झाली ओळख. आता लावा."